पेशंट हिरामावशी

हिरामावशी पेशंट झाल्या की त्यांचे हात खरोखर गार पडतात. भर उन्हाळ्यात, पंखा बंद असतानासुद्धा, माठाला हात लावल्यासारखे गार.

नाशिकच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात मी आशाताईंना शिकवते. बाळंतिणीच्या घरी गेल्यावर काय पाहायचं, काय विचारायचं, दवाखान्यात कधी पाठवायचं. शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा, मग प्रमाणपत्र. परीक्षेला पेशंट लागतो, आणि ओली बाळंतीण काही कोणी उसनी देत नाही. म्हणून हिरामावशी. त्या विंचूरच्या. स्वतः बरीच वर्षं आशा होत्या, वयामुळे काम सुटलं. आता एसटीने येतात, लवंग चघळत विचारतात, "आज कोण व्हायचं?" आणि आपण सांगू ते होतात.

त्यांचं बाळ म्हणजे गुंडाळलेला टॉवेल. वरच्या ऑफिसातून आम्हाला रबरी बाहुली आली होती, पण बायका म्हणाल्या, ती मेल्यासारखी दिसते, टॉवेलच बरा. मावशींच्या मांडीवरचा तो टॉवेल कण्हतो. त्यांचे ओठ हलत नाहीत, आणि सगळ्या खाली टॉवेलकडे बघतात. नंतर तो धुवायला कोणी पुढे येत नाही.

एकदा त्या अंगावरून रक्त जाणारी बाळंतीण झाल्या, तर एका मुलीने खरंच अॅम्ब्युलन्स बोलावली. गाडी फाटकात आली, ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन धावला, तरी मावशी पांढऱ्याफटक. मी त्यांना हलवलं. डोळे न उघडता म्हणाल्या, "थांबा, अजून आले नाय." अशा परत भानावर आल्या की त्यांना दोन चहा लागतात. "एक माझा. ती पण दमली आसंल ना." दोन्ही त्याच पितात.

यंदाच्या परीक्षेला नामपूरकडची रंजना होती. मागच्या खेपेला तिचा नंबर यायच्या आधीच घरून फोन आला होता, सासू गेल्याचा. ती तशीच परतली. यंदा प्रमाणपत्र मिळालं नाही तर गावातली जागा दुसरीला जाणार होती. मावशींना यातलं काही माहीत नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "सुनेला कोणाला भेटू न देणारी सासू व्हा."

मावशींनी पदर ओढला, जीभ टाळ्याला लावून टक्क वाजवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "दारमा कोन शे?"

मी चमकले. दारात कोण आहे, एवढंच विचारलं होतं, पण मावशींच्या तोंडून अहिराणी मी कधी ऐकली नव्हती.

रंजनाच्या हातातली पिशवी खाली पडली. "मॅडम, हाई ते मनी सासूना आवाज शे," हा माझ्या सासूचा आवाज आहे, असं ती पुटपुटली. एरवी ती आमच्याशी शहरी बोलायची.

"दारमा कोन शे?" पुन्हा टक्क.

मला वाटलं, ही आता पळणार. रंजना सरळ पुढे गेली आणि मावशींच्या पायाशी बसली. हात धुणं नाही, ओळख सांगणं नाही.

"आई, जेवल्या का तुम्ही?"

"हे विचारायचं नाहीये," परीक्षक म्हणाले.

मावशींचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या आपल्या विंचूरच्या आवाजात हळूच म्हणाल्या, "नाय गं. कालपासून नाय. एकटीसाठी भाकरी थापावीशी वाटत नाय."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून करा, ताई." या वेळी रंजनाने हात धुतले, सासूला गोडीत घेऊन सुनेपर्यंत पोचली, बाळाचं तापमान पाहिलं, श्वास मोजले. तिचा आवाज एकदाही कापला नाही. ती पास झाली.

दुपारी व्हरांड्यात तिने डबा उघडून मावशींना शेजारी बसवलं. मीही तिथेच होते.

"घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

"सगळ्या हायत की. सासू, सून, बाळ. दिवेलागणीला एकेकीला बोलावते." मावशींनी घास चावून गिळला. "म्हणजे मीच एकेक होते गं. पोरगा पुण्याला. घरात आवाज तर पायजे."

माझ्या अंगावर काटा आला. विंचूरच्या त्या घरात तिन्हीसांजेला एकटी बाई बसलीय आणि मांडीवरचा टॉवेल कण्हतोय, असं डोळ्यांसमोर आलं.

रंजना मात्र दचकली नाही. "मागच्या खेपेला मी परीक्षेला निघाले तेव्हा सासूबाई रुसून उपाशी बसल्या होत्या," ती म्हणाली. "बस चुकेल म्हणून मी न विचारता निघाले." तिने अर्धी भाकरी मावशींच्या पुढे केली. "घ्या, आई."

"मी हिरा हाय गं. तुझी सासू नाय."

"माहीत आहे. तरी घ्या."

मावशींनी भाकरी घेतली. रंजनाने भाकरीवर ठेचा वाढला, आणि त्यांचं जेवून होईपर्यंत ती जागची उठली नाही.