कपाटामागची कवळी

आमच्या घरात यंत्रांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो. म्हणजे, "घेतलं!" हा शब्द माझा. त्यानंतरचे सगळे शब्द बायकोचे! पण त्या रविवारी तीच म्हणाली, "अहो, तुमचं ते गांडूळ काढा बाहेर."

गांडूळ म्हणजे माझा तपासणी कॅमेरा. हातात धरायला छोटा पडदा, त्याला जोडलेली लांब लवचीक वायर आणि वायरीच्या टोकाला हरभऱ्याएवढा डोळा. भोवती बारीक दिवे. जिथे माणसाचं डोकं जात नाही, तिथे हा जातो. "म्हणूनच तुम्हाला लागतो," असं बायको म्हणते, पण ते सोडा.

प्रसंग बाका होता. सासरेबुवांची कवळी पडली होती! कमरेएवढ्या कपाटावर वाटीत ठेवली होती. सासरेबुवांना शिंक आली, हात लागला आणि कवळी कपाट आणि भिंत यांच्या फटीत गडप! कपाट भिंतीला ठोकलेलं. सुतार म्हणाला, "उद्या येतो." आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाचे प्रमुख वक्ते होते सासरेबुवा, त्याच संध्याकाळी!

"फंध्याकाळी भाफण आहे हो, जावईबापू!" ते काकुळतीला येऊन म्हणाले. मग बोळकं कोणाला दिसायला नको, म्हणून तोंडावर रुमाल धरून बाथरूममध्ये जाऊन बसले.

"बाबा, काळजीच सोडा!" मी गर्जलो.

मी माहितीपुस्तिका उघडली. लोक पुस्तिका वाचत नाहीत आणि मग बोंबलतात. मी वाचतो! 'वापरण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करा.' केली, म्हणजे चार्जिंगला लावली. 'आत विजेच्या तारा असण्याची शक्यता असल्यास वीज बंद करा.' लगेच जाऊन मेन स्विच बंद केला.

आतून बायको ओरडली, "अहो! माझे केस!" कार्यक्रमासाठी ती केस सरळ करत होती. अर्धे झाले होते. उरलेले अर्धे वादळात सापडल्यासारखे उभे!

"सुरक्षितता आधी!" मी म्हणालो आणि चार्जरचा लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसलो. बराच वेळ बसलो. लाल दिवाही दिसत नव्हता.

"मेन बंद असताना चार्जिंग कसं होईल?" बायकोने विचारलं.

मी उठलो. मेन लावला, बॅटरी भरली, मेन पुन्हा बंद केला. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा असं लिहिलं होतं. तो नव्हता, म्हणून हेल्मेट घातलं. वायरीच्या टोकाला छोटा आकडा बसवला. वायर मुडपायची नाही, दामटायची नाही, हे मनात घोकलं आणि डोळा फटीत सोडला.

पडद्यावर आधी धुळीचा डोंगर आला. मग रेड्याएवढं झुरळ आलं. बायको पलंगावर चढली. मी मात्र ढळलो नाही! वायर हळूच पुढे सरकवली आणि अख्खा पडदा भरून दात! दोन्ही ओळी आमच्याकडे बघून हसत होत्या.

"मिळाला!" मी हेल्मेटमधून ओरडलो. "भिंतीकडे जबडा मिळाला! सगळे दात शाबूत आहेत!"

खिडकी उघडी होती. शेजारच्या काकूंनी ते ऐकलं. सकाळपासून त्यांना आमचे आजोबा, म्हणजे सासरेबुवा, दिसले नव्हते. त्यात आभाळ भरून आलेलं आणि घरात अंधार! काकूंनी दोन अधिक दोन केले आणि उत्तर थेट वरच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांना कळवलं.

फौजदार टॉर्च घेऊन घुसले. मागे काकू, काकूंच्या मागे सगळा जिना!

"कोणी हलायचं नाही! आजोबा कुठे आहेत?"

माझं सगळं लक्ष पडद्यावर. मान न वळवता मी सांगितलं, "दात कपाटामागे आहेत. बाकीचे बाथरूममध्ये."

काकूंनी भिंत धरली. फौजदारांनी बाथरूमचं दार लोटलं आणि आतल्या आकृतीचा दंड पकडला.

"अहो, फोडा मला! फोडा!" सासरेबुवा ओरडले.

"फोडा म्हणतायत!" काकू किंचाळल्या.

"सोडा म्हणतायत!" पलंगावरून बायको ओरडली. "त्यांची कवळी पडलीय, काकू!"

मग काय! सगळी गर्दी माझ्या पाठीमागे उभी राहिली. एरवी टीव्हीपुढेही इतकी शांतता नसते. आकडा कवळीजवळ गेला, निसटला. पुन्हा गेला. कडेला अडकला!

"ओढा! जोर लावा!" फौजदार म्हणाले.

"दामटायची नाही!" मी बजावलं आणि निवृत्त फौजदार चक्क एक पाऊल मागे सरकले. वायर इंचाइंचाने मागे घेतली. फटीतून आधी दिवे आले, मग जळमटं, आणि मग आकड्याला लटकलेली, झुलणारी, हसणारी कवळी!

काय टाळ्या पडल्या! काकूंनी माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. बायको, त्या अर्ध्या केसांसकट, सगळ्यांना सांगत होती, "अहो, आमच्या ह्यांनी सगळं पुस्तिका वाचून केलं!"

सासरेबुवांनी कवळी घासली, उकळत्या पाण्यात घालायला निघाले, ती वाकडी व्हायच्या आत मी वाचवली. आणि संध्याकाळी ते व्यासपीठावर खणखणीत आवाजात म्हणाले, "आज मी बोलू शकतोय तो केवळ माझ्या जावयामुळे!" सभागृहाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठून नमस्कार केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण!

मग सासरेबुवा बोलले. वाचनालयाच्या पायाच्या दगडापासून सुरुवात केली. पहिल्या कपाटापर्यंत पोचले तेव्हा चहा गार झाला होता. दुसऱ्या कपाटापाशी पुढची रांग पेंगली. सभागृह पुन्हा पुन्हा वळून माझ्याकडे बघत होतं, पण आता नजरा वेगळ्या होत्या.

शेवटी वाचनालयाचे अध्यक्ष वाकून माझ्या कानाशी आले.

"यंत्र फारच छान आहे हो तुमचं," ते कुजबुजले. "त्याने वस्तू परत आत सोडता येते का?"