ठोका कुणाचा?

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. बोर्ली पंचतनची पहिली एसटी दिसली की आई दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला निघायची. एसटीला उशीर झाला की आईलाही उशीर, आणि वर मालकाची बोलणी. त्या घरातली मी पहिली इंजिनिअर. पेढे द्यायला गेले तर शेजारच्या भाऊकाकांनी विचारलं, "शिकलीस ते बरं झालं. पण ठोका कुणाचा?"

म्हणजे, तू कुणाच्या घड्याळाच्या ठोक्यावर चालतेस? हे ते सगळ्यांनाच विचारतात. देवळातल्या गुरवाला, नवा मोबाइल घेणाऱ्याला. कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांवर जन्म काढलेला माणूस. दुसऱ्याच्या घड्याळावर भरवसा नाही. त्यांचं मनगटी घड्याळ पाच मिनिटं पुढे. "गाव मागे हाय," म्हणतात.

काकू गेल्यापासून रविवारी भजन. काका इथे पेटी वाजवणार, मुलगी मेघाताई फोनवर ती ऐकत कॅनडात गाणार. आवाजाचे आकडे करणारा एकेक बोर्ड दोघांकडे. त्यावर रेकॉर्ड करायचं आणि मग काकांनी सुरुवात जुळवून जोडायचं. पण तासाभरात गाणं पेटीच्या मागे पडायचं. "लय सांभाळ गो," काका रागवायचे. "बाबा, तुम्हीच पळताय," ती म्हणायची. शेवटी एका रविवारी तिने फोनच उचलला नाही.

मी बोर्ड पाहिला. दर ठोक्याला आवाजाचा एक आकडा. दोन्हीकडे ठोका ज्याच्या त्याच्या बोर्डावरच्या स्फटिकाचा, घड्याळात असतो तसा, आणि दोन स्फटिक कधी तंतोतंत सारखे नसतात.

"काका, कुणीच चुकत न्हाय. ठोके दोन हायत. दोघांनी एकच घ्या, उपग्रहाचा."

"बाहेरचा?" मी दुसरं लग्न सुचवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"आईचा ठोका पण बाहेरचाच होता. एसटीचा. पण आई आणि ड्रायव्हर कधी भांडले न्हाईत."

उपग्रहाचा ठोका पकडणारी यंत्रं दोघांनी मागवली, मेघाताईला मी फोनवर समजावलं. काकांनी चष्मा चढवला आणि बोर्डावरची इवलीशी टोपी आतल्या ठोक्याच्या पिनांवरून काढून बाहेरच्या पिनांवर बसवली. आकडे बंदच पडले. माझ्याकडे काय पाहिलं म्हणता! बघते तर यंत्राचा अँटेना त्यांनी पाऊस लागेल म्हणून कपाटात ठेवलेला. विहिरीच्या कठड्यावर, उघड्या आभाळाखाली नेला, ठोका आला.

पुढच्या रविवारचं भजन त्यांनी जोडलं, पण ऐकलं नाही. सरळ शेवटाला गेले. भजन संपल्यावरही बोर्ड चालूच राहिले होते. पेटीचा भाता मिटला, तिकडे खुर्ची करकरली, मेघाताईने सुस्कारा सोडला. तेवढाच तुकडा काका पुन्हा पुन्हा लावत राहिले.

"पोर इथंच बसली होती बघ," म्हणाले.

पेटी आणि गाणं त्या दिवशी एकाच क्षणी संपलं. आता दर रविवारी तसंच संपतं. ते आमच्या घरातल्या पहिल्या इंजिनिअरने जुळवलं.