दुसऱ्या पेपराचं पाहू

हिवरकरभाऊ रोज सकाळी दोन पेपर मोठ्यानं वाचत, आणि तेही एका मशीनला.

आमच्या नागपूरच्या कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर नवा होता. आम्ही बाकीचे प्राध्यापक त्याच्याकडून गणितं करून घेत असू. भाऊंना त्याला शहाणं करायचं होतं. पेपरातलं वाक्य न् वाक्य मोठ्यानं म्हणत ते इंग्रजी अक्षरांत त्याला टाइप करून देत, अगदी रविवारीसुद्धा. टोकलं की म्हणत, "लेकरू शिकून राहिलं गा. त्याले मधातच सुट्टी कशी द्यायची?" त्यांच्या घरी लेकरू नव्हतं, म्हणून यावर कुणी हसत नसे.

मशीनला त्यांनी नियम घालून दिला होता. गोष्ट एका पेपरात आली तर कच्ची, दोन्हींत आली तर पक्की. पक्की होईस्तोवर जुनंच खरं धरायचं. पुढे हा नियम भाऊंच्याच अंगात मुरला. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत "काय तापलं हो!" म्हणालो, की भाऊ कपाळ पुसत म्हणणार, "दुसऱ्या पेपराचं पाहू." आमचं डोकं फिरायचं.

त्यांच्या पत्नीला, कुसुमवहिनींना, महिला मंडळात सांडग्यांचं पहिलं बक्षीस मिळालं. दोन्ही पेपरांत दोन ओळी आल्या. भाऊंनी पेढे वाटले. बक्षिसाचे नव्हेत, वहिनी मशीनमध्ये पक्क्या झाल्याचे!

त्याच हिवाळ्यात वहिनी अचानक गेल्या. तेरवी आटोपून भाऊ आले ते निधनाच्या बातमीचे दोन्ही पेपर घेऊन. एकातली बातमी त्यांनी टाइप केली. दुसरा पेपर घडी करून मांडीखाली ठेवला.

"द्या भाऊ, तो मी करतो."

"राहू दे गा."

मग त्यांनी मशीनला वहिनींबद्दल विचारलं. पडद्यावर उमटलं: कुसुम हिवरकर, नागपूर. सांडगे, पहिलं बक्षीस. निधन: कच्चं.

"पाह्य," भाऊ म्हणाले, "याले अजून खरं वाटून नाही राहिलं."

मला तिथं बसवेना.

पुढे मंडळाची शोकसभा व्हायची होती, म्हणजे दोन्ही पेपरांत पुन्हा बातमी येणार. भाऊंनी दुसरा पेपर बंदच करून टाकला. एकच वाचतात, तासन् तास टाइप करतात, आणि मशीनमध्ये नवं काहीच पक्कं होत नाही. त्या लेकराचं शिक्षण त्यांनी स्वतःच्या हातानं थांबवलं.

तोच दुसरा पेपर माझ्या घरीही येतो. पूर्वी डब्यासोबत पिशवीत असायचा. आता कॉलेजात जाताना मी तो घरीच ठेवतो.