कंडक्टरसाहेबांचा फ्रिज

वामनराव फ्रिजमध्ये बाटल्या ठेवत नाहीत, चढवतात. "चला, आत सरका, मंधात थांबू नका," असं प्रत्येक बाटलीला बजावून मगच दार लावतात. अकोट-अकोला गाडीवर त्यांनी उभा जन्म कंडक्टरकी केली. गाडी सुटली, सवय राहिली.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. यंदाच्या मे महिन्यात त्यांचा फ्रिज बंद पडेना, म्हणजे थांबेचना. चोवीस तास घरघर. वामनराव त्याच्या कुशीला कान लावून म्हणत, "डबल ड्युटी करून राहिला बेटा." रबर ढिलं आहे का पाहायला त्यांनी दारात कागद अडकवून ओढला. घट्ट होता. मागची जाळी दाढीच्या ब्रशने झाडली. फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे आणला. मग स्वयंपाकघरात आडवं चालावं लागे. फरक शून्य.

शेवटी सलीम मिस्त्री आला. दार उघडून त्याने विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

"मी एकटाच."

"मंग ह्या बावीस बाटल्या?"

त्या समोर भाजी विकणाऱ्या बायांच्या. सकाळी कोमट पाणी आणून देतात, दुपारी गार घेऊन जातात. "धर्मशाळा हाय का हे?" असं वामनराव रोज ओरडतात आणि सगळ्या बाटल्या घेतात. बाया गेल्या की वामनरावांच्या घराची कडी दुसऱ्या सकाळपर्यंत वाजत नाही. दीड वर्षात मी एकदाही ऐकलेली नाही.

सलीम म्हणाला, "रोज इतकं गरम पाणी कोंबसान त मशीन थांबन काहून? निम्मा माल कमी करा. नाहीतर कॉम्प्रेसर जळते."

"हळू बोल ना बे," वामनराव खिडकीकडे पाहत म्हणाले. "बाया आयकतीन."

दुसऱ्या दुपारी मी बर्फ मागायला खाली गेलो. फ्रिजमधून दूध, भाजी, भिजवलेली कणीक बाहेर आली होती. बाटल्या बावीसच. "दूध दोनदा तापवतो मी," त्यांनी न विचारता सांगितलं.

बर्फ काढताना एका बाटलीला हात लागला. बोट बधिर व्हावं इतकी गार.

तेवढ्यात कोथिंबीर विकणाऱ्या शांताबाई दारात आल्या. "भाऊ, द्या माही बाटली. तीच ती, समोरची."

वामनरावांनी माझा हात लागलेली तीच बाटली चाचपली आणि फ्रिजचं दार लावलं. "थंडी नाई झाली अजून. दहा मिन्टं बसा." खुर्चीही पुढे ओढली.

"कालबी हेच म्हणलं तुमी," असं म्हणत शांताबाई बसल्या.