शंभर वर्षं टिकणारी डिस्क

ऑफिसात जुनी कागदपत्रं जपणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी तरी गप्प बसावं. पण आमच्या रेकॉर्ड-क्लार्कला घरात स्वतःच्या लग्नाची जुनी, अडखळणारी डीव्हीडी दिसली आणि त्याचे हात शिवशिवले. दुकानदाराने शंभर वर्षं टिकण्याची हमी देऊन एक नवी डिस्क त्याच्या गळ्यात मारली. त्याने तिच्यावर अख्खं लग्न उतरवलं आणि ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे मूळ प्रत कात्रीने कापून टाकली. (ऑफिसात त्यासाठी साहेबांची सही लागते. घरातल्या साहेब तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या.)

पण हमी तपासायला नको? डिस्क दुपारभर उन्हात पडली, गरम पाण्यात डुंबली, भांड्यांच्या साबणाने न्हाली. मग त्याने ती पुसली आणि फायलींना लावतात तसलं जाड लेबल भरपूर डिंक थापून तिच्यावर चिकटवलं.

संध्याकाळी बायकोचा धाकटा भाऊ आला.

"लग्नाची डीव्हीडी कुठंय हो?" बायकोने विचारलं. "याला बाबांचा आवाज ऐकायचाय."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज तेवढा त्या लग्नातच उरला होता.

"जुनी निकालात काढली. ही नवी बघ, काय मजबूत आहे!"

"निकालात म्हणजे?"

"म्हणजे... कापली."

बायकोने न ओरडता नुसतं प्लेअरकडे बोट दाखवलं. ती ओरडते तेव्हा तो निर्धास्त असतो. आता मात्र त्याने घाईघाईने टीव्ही लावला.

डिस्क आत गेली. प्लेअर घरघरला, कण्हला आणि बंद पडला. ओलं लेबल फुगून डिस्क आतच रुतली होती.

"भावजी, मी उघडू का?" मेहुणा म्हणाला.

"छे, छे! मी आहे ना." त्याने झाकण काढलं. दोन स्क्रू सोफ्याखाली पळाले. देवाचं नाव घेत त्याने डिस्क सोडवली, नखाने लेबल खरवडलं, पुसून परत लावली. टीव्हीवर मुंग्या आल्या आणि मग बाबा!

"जावई मनाने सोनं आहे," बाबा कॅमेऱ्याकडे बघून सांगत होते. "फक्त त्याच्या हातात काही देऊ नका. सकाळपासून दोन कप फोडलेत."

तिघंही पोट धरून हसले. बायको हसता हसता डोळे पुसू लागली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आवाज जसाच्या तसा होता.

"पुन्हा लावा ना," ती म्हणाली.

त्याने उत्साहाने रिमोट उचलला.

"तुम्ही नको," म्हणत तिने तो काढून भावाच्या हातात दिला.