मशीनले आवतन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, लोक बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमचे इंगळे साहेब हे सगळं एका मशीनला करत. मशीनला कान नव्हता, म्हणून ते स्विचपाशी वाकून सांगत.

माणूस वेडा नव्हता. सरकारी नोकरीत कायम होता, म्हणजे कागदोपत्री तरी शहाणाच. मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून 'डिजिटल उत्पादन संशोधन संस्था' असा मोठा निळा बोर्ड होता. त्या बोर्डामागे जे काही होतं, त्याचे ते प्रभारी. फाटकासमोर माझं रजया-पडदे शिवायचं दुकान. दुपारचा चहा ते माझ्याकडेच घेत, आणि चहाबरोबर मला संस्थेचा इतिहास घ्यावा लागे.

इतिहास सांगताना लोक साल सांगतात. इंगळे साहेब कपाशी सांगत. "बीटी बियाण्याची पाकिटं ब्लॅकमध्ये विकून राह्यली होती ना रशीदभाई, त्या हंगामात भूमिपूजन झालं. मी तवा शिकत होतो, पेढे खाऊन आलो होतो. बोंडअळी आता कायमची मेली असं समदे म्हणत होते, तवा भिंती आल्या. पऱ्हाटीवर लाल्या रोग पडला तवा मशीन आलं. अन् गुलाबी अळी बीटीले पचवून बसली, त्या वर्षी मशीनपुरती लाईट आली."

म्हणजे संस्थेत वीज येईपर्यंत अळीनं आपलं संशोधन पूर्ण केलं होतं.

योजना मोठी होती. संगणकावर चित्र काढायचं, की मशीन ती वस्तू लोखंडातून कोरून देणार. शेतकऱ्याची अवजारं इथंच तयार होणार, असं भाषणात दरवेळी येई. मशीननं पहिली वस्तू दिली ती फवारणीच्या पंपाचं नोझल. दिसायला देखणं होतं. तसंच नोझल मलकापुरात कोणत्याही दुकानात मिळत होतं, एवढीच काय ती अडचण.

पाहणीला साहेब लोक आले की विचारत, "मग, काय प्रगती?" इंगळे साहेब सांगत, "टेस्टिंगले आहे." हा शब्द त्यांना सगळीकडे पुरायचा. जेवण झालं का, टेस्टिंगले आहे. छत गळतं त्याचं काय, टेस्टिंगले आहे. लग्नाचं मी एकदा विचारलं, तर तेही टेस्टिंगलेच होतं. कानाजवळचे केस पांढरे झाले तरी ते टेस्टिंग काही संपलं नाही.

एका पोळ्याला त्यांनी माझ्याकडून मशीनसाठी झूल शिवून घेतली. लाल कापड, वर आरसे.

"साहेब, लोखंडाले थंडी वाजते काय?"

"धूळ बसते," ते म्हणाले.

धुळीला आरसे कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला फार विचारलं की ते दुसऱ्या दुकानात जातं.

पोळ्याच्या दिवशी ते पुरणपोळी मशीनपुढे ठेवत, पण खाली प्लास्टिक अंथरून. तुपाचा थेंब लागला तर वॉरंटी जाते म्हणे. वॉरंटी उद्घाटनाआधीच संपली होती. नैवेद्य झाला की पोळी अर्थातच आम्ही दोघं खात असू.

मग एका पावसाळ्यात हुकूम आला. संस्था पुण्याच्या मोठ्या संस्थेत विलीन, मशीन तिकडे पाठवा. इंगळे साहेबांनी पोळ्यापर्यंतची मुदत मागितली. उत्तर आलं नाही, ट्रक आला. आणि आला तोही नेमका खांदशेकणीच्या संध्याकाळी. बरोबर पुण्याचे तरुण अधिकारी होते. मशीनच्या खांद्यावर हळद ओली होती.

"आज नेता येत नाही साहेब," इंगळे म्हणाले. "आवतन देऊन झालं."

"कोणाला?"

"याले."

"अहो इंगळे, हे यंत्र आहे." अधिकारी ड्रायव्हरकडे वळले. "चढवा हो."

ड्रायव्हर मेहकरकडचा. त्यानं हळद पाहिली, झूल पाहिली आणि हात मागं घेतला. "आवतन देल्लं म्हनता? मंग मी नाही हात लावत. माह्या बापाले समजलं तर घरात घेनार नाही तो मले."

अधिकाऱ्यांनी वर फोन लावला. वरच्यांनी आवतन म्हणजे काय ते विचारलं. ते समजावून सांगता सांगता अंधार पडला, आणि बिचारे लॉजवर निघून गेले.

मी हसत होतो. साहेब हसत नव्हते. झुलीचा काठ धरून पायरीवर बसले होते.

"गावी, सोनाळ्याले, आमची पवळ्या-चांद्याची बैलजोडी होती," ते म्हणाले. "त्या साली बाबानं पयल्यांदा बीटी पेरली. पानी गेलं, दुबार पेरली. मंग जोडी इकली. घेणारा टेम्पो घेऊन आला तो खांदशेकणीलेच. मी आवतन देऊन बसलो होतो, रशीदभाई. मायनं पुरणाची डाळ निवडून ठेवली होती. उद्या जेवाले या म्हटलं, अन् तशेच टेम्पोत चढवले. चांद्या मांगं पाहून राह्यला होता."

झुलीचा काठ नीट करत म्हणाले, "उपाशी गेले ना."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मशीन जेवलं. ड्रायव्हर जेवला, अधिकारीही जेवले, त्यांनी तूप मागून घेतलं. मग झुलीसकट मशीन ट्रकमध्ये चढलं. इंगळे साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत जाऊन बोर्ड पुसायचं फडकं शोधू लागले.

मशीन गेलं, पण प्रभारी राहिले. रिकाम्या इमारतीलाही प्रभारी लागतो, असा नियम निघाला. पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानातून पाहिलं, तर साहेब पायरीवर बसलेले, हातात लोणी-हळदीची वाटी. लावायचं कोणाला, हे त्यांनाही कळत नसावं.

मी दुकान तसंच सोडून रस्ता ओलांडला.

"साहेब, आज आवतन घ्या, उद्या आमच्या घरी जेवाले या. पुरणपोळी आमच्या इकडे कशी होईल सांगता येत नाही. शेवया पक्क्या."

मला वाटलं, म्हणतील टेस्टिंगले आहे. त्यांनी वाटी पायरीवर ठेवली.

"आवतन देल्लं ना रशीदभाई? मंग आता फिरवू नका."

जेवायला दुपारी यायचं ठरलं होतं. ते सकाळीच धुतलेले कपडे घालून दारात हजर. माझी बायको ओशाळली, म्हणाली, "साहेब, अजून चूलही पेटली नाही."

"होऊ द्या निवांत, भाभी," ते भिंतीला टेकून बसत म्हणाले. "मले आज कुठीच जायचं नाही."