दाढ कुणाच्या हद्दीतली?

कच्चा कैदी ज्ञानू याची उजवीकडची खालची दाढ किडलेली असून ती काढणे आवश्यक आहे, याबद्दल शासनात कुणाचंही दुमत नव्हतं. जेलरसाहेबांनी ती बघितली, जेलच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितली, एका पाहणी समितीनेही जाता जाता बघितली. सगळे म्हणाले, काढायला हवी. आणि एकदा सगळ्यांचं एकमत झालं की आपल्याकडे काम अडतंच.

ज्ञानू मूळचा साताऱ्याकडचा, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोणी वाहणारा माथाडी. एका व्यापाऱ्याशी बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, व्यापारी वजनकाट्यावर पडला आणि ज्ञानू आत गेला. केस चालायची तेव्हा चालेल. दाढ मात्र आत्ताच ठणकत होती. दाढ काढणारं मोठं हॉस्पिटल खाडीपलीकडे. गाडी असायची तेव्हा ड्रायव्हर नसायचा, ड्रायव्हर असला की सोबतीला पोलीस नसायचे, आणि तिन्ही जमले की नेमका कुणीतरी मंत्री यायचा आणि सगळी फौज बंदोबस्ताला जायची. ज्ञानूचा गाल असा फुगला, की भेटायला आलेली त्याची बायको वेणूबाई म्हणाली, "बरं खायाला घालत्यात जनू आत!" बिचारा रडकुंडीला आला. गेले कित्येक दिवस तो पेजेवर होता हो!

मग शासनाला जाग आली. कैद्यांना जहाजातून न्यायची पद्धत काही नवी नाही. काळ्या पाण्यावर नेणाऱ्या जहाजांवरसुद्धा म्हणे डॉक्टर असायचा. मग आपणच का मागे राहायचं? नेरूळच्या जेट्टीवर 'सुखरूप' नावाची नौका येऊन उभी राहिली. कैद्यांना खाडीपलीकडे नेणार, आणि वाटेत त्यांच्या प्रकृतीची काळजीही घेणार. दोन खाटा, सलाइनचा स्टँड, ऑक्सिजन आणि कुणीतरी देणगी दिलेली दातांची झकास खुर्ची. नारळ फुटला, फीत कापली, फोटो झाले. फक्त नियम करायचे राहून गेले होते. त्याच संध्याकाळी नौका कक्षाचे प्रमुख राजवर्धनसाहेब यांनी पोलिसांची नियमावली मागवली आणि जिथे जिथे 'गुन्हा' होता तिथे तिथे 'आजार' घातला. चहा थंड व्हायच्या आत नियम तयार! साहेबांचा झपाटाच तसा.

पहिल्याच फेरीला ज्ञानू खुर्चीवर बसला. आनंदाने त्याचा ऊर भरून आला होता. नौकेवरचे डॉ. सौरभ हातमोजे घालून, चिमटा घेऊन पुढे झाले.

"कधीपासून दुखतंय?"

"लई दिस झालं की सायेब. आतच सुरू झालं."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "आत म्हणजे जेलमध्ये? जमिनीवर?"

"मंग? पान्यात दुखायला मी काय मासा हाय का?"

"अरे बाबा, मग हे आपल्या हद्दीत येत नाही. आजार ज्या हद्दीत घडला, उपचार त्याच हद्दीत. मी हात लावला तर माझीच चौकशी लागेल."

"मंग जेलातच काढा की!"

"तिथे खुर्ची नाही."

"हितं तर हाय!"

"इथे खुर्ची आहे रे, हद्द नाही."

ज्ञानूने बेडी घातलेल्या हातांनी कपाळ बडवलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, त्यालाही कसंनुसं झालं. शेवटी सोबतीला आलेले हवालदार हौसेराव पुढे सरसावले. त्यांची सगळी नोकरी हद्दी ओळखण्यात गेली होती. ते म्हणाले, "सायेब, येवढं टेन्शन कशाला? हद्द आपली नसली की आमी करतो तशी झिरो नंबरनं नोंद करा आन् पलीकडच्या हॉस्पिटलला वर्ग करून टाका."

दाढ वर्ग झाली. पलीकडे हॉस्पिटलात तिचं स्वागतही झालं. पण घटनास्थळाचा पंचनामा सोबत नसल्यामुळे दाढ, ज्ञानूसकट, परत पाठवण्यात आली. मग जेट्टीवरच पंचनामा सुरू झाला. चहावाला आणि नौकेवरचा खलाशी असे दोन पंच ज्ञानूच्या तोंडात डोकावले. चहावाल्याला शेवटची दाढ संशयित वाटली, खलाशाला तिच्या अलीकडची. वाद हमरीतुमरीवर आला आणि पंचनामा सहीविनाच राहिला. तोवर ज्ञानूचा जबडा उघडाच! त्यात एक माशी जाऊन आली, पण तिला कुणी हद्द विचारली नाही.

असे काही आठवडे गेले. ज्ञानू फेऱ्या मारत होता, खाडीची हवा खात होता आणि कण्हत होता. तिकडे राजवर्धनसाहेब खुशीत होते. नौकेवर एकही आजार घडला नाही, असा अहवाल त्यांनी वर पाठवला होता. वरून कौतुकाऐवजी विचारणा आली: एकही आजार नाही, मग खुर्ची कशाला हवी? साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नौकेवर हजर.

"ज्ञानू," साहेब मायेने म्हणाले, "नौकेवर चढल्यापासून नवीन काही दुखतंय का रे तुझं?"

ज्ञानू एव्हाना अगदी मेटाकुटीला आला होता. खुर्चीत बसायला मिळावं म्हणून तो काहीही बोलला असता. "व्हय सायेब! शेजारची दाढबी ठनकाय लागलीय."

"कधीपासून?"

"आत्ताच. इंजान सुरू झाल्यापासनं."

"शाब्बास! साक्षीदार?"

"मी हाय ना," हौसेराव म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत दुखली."

डॉ. सौरभनी आरसा घालून बघितलं आणि चेहरा पाडून साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, ही दाढ ठणठणीत आहे. किडलीय ती पलीकडची."

"पलीकडच्या दाढेबद्दल आपल्याकडे तक्रार आहे?"

"आपल्याकडे नाही."

"मग दुसऱ्याच्या हद्दीत कशाला नाक खुपसता? आपली काढा!"

भर खाडीत, सर्व सोपस्कार पाळून, ज्ञानूची चांगली दाढ काढण्यात आली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. राजवर्धनसाहेबांनी दाढेसोबत फोटो काढला. ज्ञानूचा कुणी काढला नाही, कारण त्याचा गाल फ्रेममध्ये मावत नव्हता. किडलेली दाढ आता शेजार नसल्याने ऐसपैस ठणकू लागली.

पुढल्या आठवड्यात त्याला जामीन मिळाला. वेणूबाई गावाहून निघाली होती, ती पोचायच्या आधीच त्याला बाहेर काढलं. जेलरसाहेब अगदी मनापासून म्हणाले, "सुटलास बघ! आता तुझ्या दाढेची जबाबदारीही आमच्यावर नाही." ज्ञानू दातांचा दवाखाना शोधत नेरूळमध्ये भटकू लागला. अंगात सणसणून ताप, जबडा आवळलेला, डोळ्यांपुढे अंधारी. एका बऱ्यापैकी सोसायटीच्या गेटशी येताच तो तिथेच आडवा झाला. घशातून नुसती घरघर येत होती. भल्या माणसांची वस्ती बघून त्याच्या जीवाला जरा धीर आला.

वॉचमन धावत आला. सेक्रेटरी सुनयनाताई आल्या. त्यांचं काळीज हललं, खोटं कशाला बोला. "अगंबाई, केवढा सुजलाय! आपल्या बी विंगमध्ये दातांचे डॉक्टर राहतात ना?" त्या फोन लावणार, एवढ्यात त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "हा आत पडलाय की बाहेर?"

वॉचमन वाकून बघत म्हणाला, "डोकं आत हाय मॅडम, पाय बाहेर."

"आत काही झालं तर पोलीस, कोर्ट, सगळं सोसायटीवर येतं हो!"

मग जमलेल्यांपैकी चौघांनी मिळून ज्ञानूला हळुवार उचललं, त्याला जराही धक्का न लावता गेटपलीकडच्या फुटपाथवर ठेवलं, ऊन लागू नये म्हणून तोंडावर पुठ्ठ्याची सावली केली आणि उशाशी पाण्याची बाटलीही ठेवली. बाटली सीलबंद होती. सुनयनाताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: "गेटवर आढळलेल्या आजारी व्यक्तीला सुरक्षितपणे आपल्या हद्दीबाहेर हलवण्यात आले आहे. सहकार्याबद्दल सर्वांचे आभार."

खाली भराभर अंगठे उमटले. बी विंगमधले दातांचे डॉक्टर घरीच होते, त्यांनीही एक दिला. तुमचा तर त्यांच्याही आधी आला होता.